बरडावरची झाडं

नीळकंठ सर निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांची बायको शरयू गेली. बुलढाण्यातलं घर भाड्याचं होतं, मूलबाळ नव्हतं, आणि संध्याकाळी कुलूप उघडून आत पाऊल टाकलं की घर खायला उठायचं. काही महिने कसेबसे काढले. मग एका सकाळी त्यांनी सामान टेम्पोत भरलं, घाट उतरले आणि आपल्या गावी, बरडखेडला, येऊन राहिले. नांदुऱ्याच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी हे गाव. शेत बटाईनं दिलेलं होतं, दोन खोल्यांचं घर शाबूत होतं. सकाळी फिरायला जायचं, पेपर वाचायचा, दुपारी पडायचं. तीस वर्षं रोज चाळीस पोरांसमोर उभा राहिलेला माणूस असा किती दिवस पडून राहणार?

गावाच्या पश्चिमेला गायरान होतं. लोक त्याला बरड म्हणत. मुरमाड चढण, वर वीतभर माती, मधूनच एखादा हिवर नाहीतर बोरीचं झुडूप, बाकी सगळं गवत. पावसाळ्यात हिरवं, दिवाळीनंतर पिवळं आणि उन्हाळ्यात तर नुसत्या कुसळांचा काटेरी गालिचा. सर रोज तिकडंच फिरायला जात. केवढी ही जागा आणि कशी ओसाड पडली आहे, असं त्यांच्या रोज मनात येई. शरयूला झाडांचं वेड होतं. भाड्याच्या घराच्या गच्चीवर तिनं डब्यांमधून लिंबं, डाळिंबं जगवली होती. तिच्या नावानं इथं एक जंगल उभं करायचं, हे एकदा सरांच्या डोक्यात आलं आणि मग जाईना.

माणूस कामाला लागला की वाटा आपोआप सापडतात. सरांचा एक जुना विद्यार्थी, देवेश, एका कंपनीच्या समाजकार्य विभागात होता. कंपनीला झाडं लावायची होती आणि जागा हवी होती. रोपं त्यांची, चर खोदायचं मशीन त्यांचं, तारेचं कुंपणही त्यांचंच. ग्रामसभेत सरपंच हिंमतरावांनी प्रस्ताव वाचला. कुणी फारसं बोललं नाही. एकटा कडूबा उठला.

कडूबा सरांच्याच वर्गातला. चौथीपर्यंत दोघं एका पाटावर बसलेले. पुढं सर शिकायला गेले आणि कडूबा दोन एकर कोरडवाहू आणि शेळ्यांमागं राहिला.

"नीळकंठ, झाडं लाव, मी काई नाई म्हनत नाई," तो म्हणाला. "पन तारेचं कुंपन केल्यावर माह्या बकऱ्या कुठी चारू?"

"अरे, दोनचार वर्षांचा प्रश्न आहे. झाडं वर आली की त्यांचाच पाला होईल."

"दोनचार वर्सं बकरी उपाशी राह्यते का?"

लोक हसले. कडूबाही हसला आणि खाली बसला. चराच्या कामावर गावच्याच मजुरांना घेणार असं देवेशनं सांगितलं तेव्हा त्यानं आपलंही नाव दिलं.

संक्रांतीच्या सुमाराला स्वरदा आली. ती सरांच्या धाकट्या भावाची मुलगी. लहानपणी शाळेसाठी काका-काकूंकडंच राहिलेली, आता पुण्याला राहून माळरानावरच्या प्राण्यांचा अभ्यास करणारी. काकांनी मोठ्या हौसेनं तिला बरडावर नेलं. इथून चर निघतील, इथं कडुलिंब, तिथं करंज, वरच्या अंगाला शिसव. स्वरदा ऐकत होती पण बघत होती खाली. एका जागी ती बसली. दगडावर वाळलेली विष्ठा होती, पांढुरकी, केसांनी भरलेली. तिनं काडीनं ती उकलली.

"सशाचे केस आहेत. ही लांडग्याची आहे, काका."

"असेल. अधूनमधून येतात डोंगरातून."

"डोंगरातून येत नाहीत. ते इथलेच आहेत." ती उठली. "काका, तुम्ही आठवीला आम्हाला बायोम शिकवलं होतं. तक्ता लावायचात."

"अजून आहे तो माझ्याकडं. टुंड्रा, टायगा, वाळवंट, गवताळ प्रदेश, वर्षावन."

"गवताळ प्रदेशाच्या चौकटीत कशाचं चित्र होतं?"

"झेब्रा. सिंह."

"हे तेच आहे. फक्त झेब्रा नाही."

सरांना हसू आलं. "अगं, हे गायरान आहे. सातबाऱ्यावर पडीक लिहिलंय."

"सातबाऱ्यानं काय होतं? तुम्हीच सांगायचात ना आम्हाला, जिथं जंगल वाढायला पाऊस पुरत नाही पण वाळवंट व्हायला जास्त होतो, तिथं गवत राज्य करतं. झाडाचा जीव शेंड्यात असतो, गवताचा जीव जमिनीखाली. वरून जाळा, चारा, कापा, पाण्याचा शिडकावा झाला की ते पुन्हा उभं. आठ महिने कोरड सोसायची ही त्याची रीत. आणि इथं जे जगतं ते सगळं त्याच बेतानं घडलेलं आहे. ससा वाळल्या गवताच्या रंगाचा. चिंकारा महिनोन्‌महिने पाण्याला तोंड लावत नाही, पाल्यातल्या ओलाव्यावर काढतो. चंडोल जमिनीवर अंडी घालतो, कारण आसपास शिकऱ्यासारख्या शिकारी पक्ष्याला बसायला उंच फांदी नाही. इथं झाडी केली की त्याची अंडी संपली. ज्याला लांबवर दिसल्याशिवाय जगता येत नाही, तो इथून जाणार."

"मग जाऊ दे दुसरीकडं. डोंगर काय थोडा आहे?"

"डोंगरात बिबट्या आहे. खाली कपाशी आहे. जायला जागा असती तर मी एवढं बोललेच नसते."

आपणच शिकवलेलं आपल्याला कुणी परत म्हणून दाखवावं, याचा सरांना राग आला नव्हता. शरयूच्या नावाचं काम आणि त्याला हिनंच आडवं यावं, हे लागलं होतं. स्वरदालाही ते कळलं. ती हळू आवाजात म्हणाली, "काकूच्या नावानं शाळेच्या आवारात लावू. नाल्याच्या कडेला लावू. मी स्वतः येईन खड्डे खणायला. इथं नको. आणि ते जमणारच नसेल तर निदान उन्हाळ्यापर्यंत थांबा. लांडग्यांची पिल्लं थंडीत होतात. इथं कुठंतरी बीळ असणार. मला शोधू तरी द्या."

सरांनी देवेशला फोन केला. देवेश नम्र पोरगा होता. म्हणाला, सर, मशीन आत्ताच मोकळं आहे, महिन्याभरानं दुसऱ्या जिल्ह्यात जाईल, मग या वर्षीचं राहिलंच समजा. सरांनी पुढं जोर धरला नाही. स्वरदा पुण्याला परत गेली.

माघात काम सुरू झालं. पिवळं मशीन चढणीवर आडवे चर काढत जाई आणि मागून मजूर बांध सारखे करत. वरच्या अंगाला, एका जुन्या हिवराजवळ, ड्रायव्हरनं मशीन थांबवलं. ओघळीच्या काठात एक बीळ होतं. तोंड चांगलं रुंद, पुढं माती उकरून टाकलेली. सर जवळ गेले, गुडघ्यावर बसून त्यांनी कान दिला. इंजिनाच्या घरघरीत काही ऐकू येईना. त्यांनी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं नाही. का सांगितलं नाही, हे पुढं त्यांनी स्वतःला पुष्कळदा विचारलं.

"कडूबा, काय असेल रे हे?"

कडूबा फावड्यावर रेलून उभा होता. त्यानं बिळाकडं पाहिलं, मग दुसरीकडं पाहिलं. "सायाळ असंल. चालू दे."

मशीनचं बकेट खाली आलं. ओघळीचा काठ ढासळला आणि चर सरळ पुढं गेला.

दिवस कलताना मजूर हत्यारं गोळा करत होते तेव्हा ती दिसली. वरच्या कडेवर उभी, गवताच्याच रंगाची, बारीक. एरवी माणूस पाहिला की लांडगा खाली मान घालून निघून जातो. ही गेली नाही. थोडी पुढं आली, थांबली, बाजूला पळाली, पुन्हा तिथंच आली. एकानं दगड भिरकावला. ती चार उड्या मागं सरली आणि परत उभी राहिली.

सकाळी सर एकटेच गेले. चराच्या बांधाला मोठं भगदाड उकरलेलं होतं. ओली माती चारी बाजूंना उडाली होती आणि मातीवर नखांचे ओरखडे होते. खाली मशीननं दाबलेला मुरूम होता, तिथं ओरखडे थांबले होते. सर घरून कुदळ घेऊन आले. वाटेत कडूबा भेटला, तोही मागं आला. दोघांनी मिळून खणलं. पिल्लं एकमेकांवर पडलेली होती, मांजराच्या पिल्लाएवढी, काळपट. चार होती. डोळे नुकते उघडले असावेत. त्या डोळ्यांत माती गेली होती.

"तुले माईत होतं?" सरांनी विचारलं. इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडून गावचीच बोली निघाली.

"हाव." कडूबानं तोंड पुसलं. "गेल्या साली माह्या बकऱ्यायच्या तीन पाठी नेल्या त्यायनं. मले वाटलं, बरं होऊन राह्यलं." मग म्हणाला, "पिल्लं इतकी लहान असतीन असं नोतं वाटलं."

सरांनी तिथूनच स्वरदाला फोन लावला आणि काही न लपवता सांगितलं. ती मग म्हणाली, "काम थांबवा, काका. आज तरी थांबवा. ती परत येत राहील."

काम थांबलं. ती येत राहिली. संध्याकाळी गावाच्या शेवटच्या घरापर्यंत तिचा लांब सूर ऐकू येई, आणि मग दुसरा, जरा खालच्या पट्टीतला, नराचा. दोन दिवसांनी देवेशचा फोन आला की मशीन उभं आहे, वरून विचारणा होते आहे. सरांना वाटलं, जे व्हायचं ते तर होऊन गेलं आहे, आता अर्धवट सोडून कुणाचं काय भलं होणार? त्यांनी हो म्हटलं. चर पुरे झाले.

पावसाळ्यात झाडं लागली. शाळेची पोरं आली, हिंमतरावांनी नारळ फोडला, फलकावर शरयूचं नाव होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. ओसाड माळरानावर निवृत्त शिक्षकाची हिरवी स्वप्नं, असा मथळा होता. सरांनी तो कापून ठेवला नाही. पण लोक येऊन दाखवत, तेव्हा ते घेऊन वाचत.

तारेचं कुंपण झालं आणि चराई बंद झाली. कडूबाची बायको कोकिळा रोज बांधाबांधानं हिंडून गवत कापून आणू लागली. शेळ्या दिवसभर गोठ्यात बांधलेल्या, ओरडत. सणवार आले नि गेले, शेळ्या एकेक करून कमी होत गेल्या. बरडावर सकाळी फिरताना सरांच्या पायांतून पूर्वी ससा उठायचा, तो उठेनासा झाला. चरांनी जमीन अशी कापली होती की पळणाऱ्या कुठल्याच जनावराला सरळ धाव घेता येत नव्हती. चंडोल मात्र अजून होते. उंच जाऊन गात, आणि खाली कुठं उतरावं ते न कळल्यासारखे दूर निघून जात. सर हे सगळं पाहत होते. आता त्यांना ते दिसत होतं, आणि तेच जड जात होतं.

मार्गशीर्षातल्या एका पहाटे लांडगे गोठ्यात शिरले. कोकिळा झाडलोट करायला उठली होती. शेळ्यांचा गलका ऐकून ती कंदील घेऊन आत गेली. एकानं करडू धरलं होतं. तिनं ते दुसऱ्या बाजूनं ओढलं. रानात हे कधी झालं नसतं, लांडग्यानं शिकार टाकून धूम ठोकली असती. त्यानं करडू सोडलं आणि तिचा हात धरला.

सरांनी आपल्या गाडीतून दोघांना नांदुऱ्याला नेलं, तिथून पुढं अकोल्याला. कोकिळाचा उजवा हात वाचला पण बोटं गेली, दोन तिथल्या तिथं आणि तिसरं नंतर काढावं लागलं. कुत्रं चावल्यावर देतात ती इंजेक्शनं झाली. ती खाटेवर निजून छताकडं पाहत होती. सर बाजूला उभे होते.

"बम भुकी होती ती जनावरं," कोकिळा म्हणाली. "कातड्याखालच्या फासोया मोजून घ्या अशा."

कडूबा भिंतीशी बसला होता.

कोकिळाला दवाखान्यात ठेवून घरी आल्यावर त्यानं त्या पहाटे मेलेलं करडू बाहेर काढलं, त्याच्यावर कपाशीवर मारायचं औषध ओतलं आणि तारेच्या खालून बरडात सारलं. कुणाला सांगितलं नाही, लपवलंही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ओघळीत दोन्ही लांडगे पडले होते, नर आणि मादी, वीसेक पावलांच्या अंतरानं. मादीनं मरताना माती उकरली होती. थोडं अलीकडं एक खोकड होतं, दोन घारी होत्या, आणि कुंपणाशी कडूबाचाच कुत्रा. तो कसा आत गेला कुणास ठाऊक.

बातमी लपण्यासारखी नव्हती. वनखात्याची गाडी आली. सरांनी स्वरदाला कळवलं होतं, ती मिळेल त्या गाडीनं निघून दुसऱ्या दिवशी नांदुरा स्टेशनावर उतरली. डॉक्टर शवविच्छेदन करत होते तिथं ती उभी राहिली. तिनं मादीच्या पोटाशी हात नेला, दाबून पाहिलं, आणि बोटाला लागलेलं पांढरं सरांना दाखवलं.

"दूध आहे, काका."

सरांना आधी उमगलं नाही.

"यंदाही पिल्लं झाली आहेत. कुठंतरी बिळात आहेत. परवापासून."

मग ते शोधायला निघाले. स्वरदा, दोन वनरक्षक आणि सर. बरडाची वरची कड, तिच्या पलीकडच्या घळी, डोंगराच्या अंगावरचे खडक. सरांना दम लागे, ते दगडावर टेकत आणि पुन्हा उठत. कपारीत, बिळात, मुळांखालच्या भेगेत ते वाकून कान लावत. या वेळी भोवती कसलाच आवाज नव्हता, वाराही पडला होता. एका बिळाशी त्यांना वाटलं की आत काही हललं. स्वरदानं विजेरी टाकली. सायाळीचे काटे पडलेले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी नाला ओलांडून पलीकडच्या गावाची हद्दही पाहिली. एवढ्या लांब का गेली असेल ती, असं एका वनरक्षकानं विचारलं. स्वरदा म्हणाली, "इथलं बीळ बुजलेलं तिनं पाहिलं होतं ना एकदा." तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आता पुरे, काका. इतक्या लहान पिल्लांचे आईशिवाय एवढे दिवस निघत नाहीत." आणि तिथंच मुरमावर बसून तिनं डोकं गुडघ्यांत घातलं. सर तिच्या शेजारी बसले. त्यांना तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण तो हक्क आपल्याला आहे का, याची त्यांना खात्री नव्हती.

पंचनाम्यावर सही करायला अधिकाऱ्यांनी सरांना बोलावलं. सर म्हणाले, "आधी माघातलं लिहा. बीळ माझ्यासमोर बुजलं. काम माझं होतं."

अधिकारी समजूतदार होता. त्यानं लिहून घेतलं, पण वेगळ्या कागदावर. "सर, ते वर पाठवतो. पण विष कडूबानं घातलं, आणि तो तसं कबूल करतो. या कागदात तेवढंच बसतं."

जे लिहिलं होतं ते खोटं नव्हतं. सरांनी सही केली. कडूबाला गाडीत बसवताना कोकिळा दारात उभी होती, हात फडक्यात गुंडाळलेला. शेजारणींनी तिला आत नेलं.

कडूबा जामिनावर सुटून आला तो माघ संपता संपता. सर त्याला आणायला बुलढाण्याला गेले होते. जामीनही तेच राहिले होते. कोर्टाच्या आवारात दोघांनी चहा घेतला. कडूबाच्या दाढीचे आठवड्याचे खुंट वाढलेले, डोळे आत गेलेले. घाट उतरताना अर्ध्या वाटेपर्यंत कडूबा खिडकीबाहेर पाहत होता.

"तुमी झाडं लावली, मी लांडगे मारले," तो म्हणाला. "पेपरात तुमचं बी नाव आलं अन् माह्यं बी आलं."

चौथीपासून आजवर कडूबानं त्यांना कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"कडूबा, मले तुमी काऊन म्हनतं बे?"

"कोर्टात सगये म्हनत होते तुमाले. सर म्हनत होते." तो पुन्हा बाहेर पाहू लागला. "मले वाटलं, आपन बी म्हना."

उन्हाळ्यात रोपं जळाली. वीतभर मातीत मुळं जाणार किती खोल? चैत्राच्या अखेरीस निम्म्याहून जास्त काड्या झाल्या होत्या. टँकरनं पाणी घातलं तेवढी सुबाभळीची ओळ तग धरून होती. वळवाच्या एका सरीत चरांचे बांध फुटले आणि होती ती माती ओघळीनं वाहून गेली. सरांनी देवेशला सांगितलं की कुंपण काढा, चर बुजवा, मी स्वतः उभा राहतो. देवेशला वाईट वाटलं, पण करार पाच वर्षांचा होता आणि वर अहवाल गेलेले होते. ग्रामसभेत सरांनी पुन्हा तेच मांडलं. हिंमतराव म्हणाले, "सर, तुमीच आनलं हे. आता तुमीच काढा म्हन्ता. लोक काय म्हनतीन?" लोक या वेळीही फारसं काही बोलले नाहीत. या वेळी कडूबा सभेला आलाच नव्हता.

सर रोज सकाळी चाऱ्याची पेंढी घेऊन कडूबाच्या गोठ्यावर जात. उरलेल्या दोन शेळ्या आणि एक बोकड त्यांना ओळखू लागले होते. कोकिळा डाव्या हातानं विळा धरायला शिकत होती. गवताची मूठ उजव्या मनगटाखाली दाबायची आणि डाव्या हातानं कापायचं. निम्मं गवत निसटायचं. सर मदतीला वाकले की ती म्हणे, "राहू द्या, सर. मलेच करा लागंन ना हे."

वैशाखात कडूबा-कोकिळाची मुलगी रुपाली वरवट बकालहून आली आणि दोघांना घेऊन जायचं ठरलं. तिच्या नवऱ्याची कपाशीची शेती होती, राखणीला माणूस हवंच होतं. शेळ्या नांदुऱ्याच्या बाजारात गेल्या. निघायच्या दिवशी सर फाट्यावर गेले. कोकिळाच्या डाव्या हातात पिशवी होती, उजवा पदराखाली. कडूबानं गोधड्यांचं गाठोडं एसटीच्या मागच्या सीटखाली सारलं आणि तो खाली उतरला.

"तारखेले येईन," तो म्हणाला.

"मी येतो घ्यायला. नांदुऱ्यापर्यंत ये, तिथून गाडीनं जाऊ."

"कायले? एसटी हाये ना."

कंडक्टरनं घंटी मारली. कडूबा वर चढला. कोकिळा खिडकीशी बसली होती. तिनं सरांकडं पाहिलं आणि सवयीनं नमस्काराला दोन्ही हात वर आणले. उजवा अर्ध्यावर थांबला. तिनं तो पुन्हा पदराखाली घेतला आणि मान हलवली. एसटी धूळ उडवत नांदुऱ्याच्या रस्त्याला लागली.

सर उभे होते. ऊन चढलं होतं. मग ते घराकडं निघाले. बरडाच्या बाजूनं जवळ पडत असे, पण ते गावातून गेले.